रविवारचा गोल

माझा मुलगा काय करतो हे सांगायला मला दोन खेपा लागतात. पहिल्या खेपेला मी म्हणते, "हॉकी खेळतो, पगारी आहे." लोकांचे चेहरे उजळतात, कारण आमच्या छत्तीसगडात हॉकीचं वेड जुनं आहे. दुसऱ्या खेपेला मी म्हणते, "बर्फावरची." मग समोरचा माणूस असा बघतो, जणू भर मे महिन्यात मी त्याच्या हातात स्वेटर दिला.

त्यात शिशिर पडला बचाव करणारा. आपल्याकडे फुलबॅक म्हणतात, तिकडे डिफेन्समन. गोल करणं त्याचं काम नाही, समोरच्याला करू न देणं हे काम. लग्नाच्या बाजारात अशा मुलाची आई होऊन पाहा. बाकीच्या आया आपली मुलं काय काय करतात ते सांगतात, आणि मला सांगावं लागतं की माझा मुलगा काय होऊ देत नाही.

हे सगळं झालं माझ्या नवऱ्यामुळे. आमचं घराणं भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून इथे आलं आणि जे बसलं ते बसलंच, पुढे कुणी नोकरीसाठी भिलाईच्या पलीकडे गेलं नाही. दिवाकर पोलादाचे इंजिनीअर, त्यांनी एकदम कझाकस्तानातल्या कारखान्यात नोकरी धरली. शिशिर तेव्हा बालवाडीतून नुकता बाहेर पडला होता. थंडी अशी, की दोरीवरचा परकर काढला तर फळीसारखा उभा राहायचा. तिथले बापलोक इमारतीच्या अंगणात नळीने पाणी सोडायचे, सकाळी त्याचं बर्फाचं मैदान तयार. पोराला ताप येईल म्हणून मी त्याला घरात कोंडत होते. एक दिवस शेजारीण तिच्या मुलाला लहान झालेले स्केट्स घेऊन दारात उभी राहिली, आणि त्यानंतर माझं कोण ऐकतो.

नवीन पोर म्हणून मुलांनी त्याला मागे उभं केलं. बाकीची मुलं मागे कंटाळून पुढे पळायची, हा मागेच रमला. त्या खेळात चेंडू नसतो, रबराची काळी चकती असते. ती इतकी जोरात फिरते की मला तर कधी दिसलीच नाही. शिशिर तिच्याकडे बघायचाच नाही. तो समोरच्याच्या छातीकडे बघायचा. मी एकदा विचारलं, काहून रे असा बघतोस? तर म्हणाला, चकती फसवते, काठी फसवते, माणूस जातो तो छाती वळते तिकडेच. समोरचा जितक्या वेगाने अंगावर येईल तितक्याच वेगाने हा त्याच्याकडे तोंड करून उलटा सरकत जायचा. तिथल्या क्रीडाशाळेच्या प्रशिक्षकांनी ते पाहिलं आणि त्याला उचलला.

इकडे रायपूर राजधानी झालं, सिलतऱ्यात कारखान्यांची रांग लागली, आणि दिवाकरांना घरच्या गावात चांगलं काम मिळालं. आम्ही परत आलो, पोरगा क्रीडाशाळेत राहिला. दिल्लीपर्यंत मी विमानात रडत होते आणि दिवाकर खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे तेही रडतच होते. अठराव्या वर्षी त्याला तिथल्याच एका क्लबने करारावर घेतलं. तेव्हापासून तो हेच करतो. बसमध्ये बसून माळरानं तुडवत दुसऱ्या शहरी जायचं, तिथे अंगावर मार घ्यायचा, परत यायचं. मनगट मोडलं, बरगडी मोडली, समोरचे दोन दात तिकडेच राहिले.

एकदा मी जाऊन त्याचा सामना पाहिला. सगळे लोक पुढे खेळणाऱ्यांच्या नावाने ओरडत होते. मग समोरच्या एकाने काठी पार डोक्याच्या वर नेली आणि चकती हाणली, तर माझा मुलगा तिच्यासमोर आडवा पडला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो बरगडी धरून बाकावर परत येत होता आणि त्याच्या संघातली सगळी मुलं शाबासकीला काठ्या कठड्यावर आपटत होती. भोंग्यावर त्याचं नाव आलं नाही. मी शेजारच्या बाईला मराठीतच म्हटलं, तो माझा आहे. तिला बरोबर कळलं, कारण तिने माझा हात दाबला.

त्यांचा हंगाम संपतो उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणून स्वारी घरी येते ती नेमकी रायपूर भाजत असताना. पहाटे चाकांचे स्केट्स घालून नया रायपूरला जातो. तिथे सहापदरी रस्ते आहेत आणि माणूस कुणी नाही, तिथे हा उलटा धावतो. एकदा हवालदाराने थांबवून विचारलं, भैया, आगे क्यों नहीं देखते? शिशिर म्हणाला, काम ही पीछे जाने का है. तो अठ्ठावीस वर्षांचा झाला तेव्हा मी ठरवलं, आता पुरे झालं मागे जाणं, या उन्हाळ्यात लग्न.

यामिनीचं स्थळ महाराष्ट्र मंडळातून आलं. मुलगी दातांची डॉक्टर, शंकर नगरात दवाखाना. वडील नरहरीराव मूळचे बडनेऱ्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आपल्या काळी रेल्वेच्या हॉकी संघाचे सेंटर फॉरवर्ड. त्यांच्या बैठकीत देव एका कोपऱ्यात होते आणि कप-शिल्डं उरलेल्या सगळ्या भिंतींवर.

मी शिशिरला घरूनच बजावलं होतं, हसू नको. पुढचे दोन दात काढघालीचे, आणि समोर बसणार दातांची डॉक्टर. सुशीलाताईंनी, म्हणजे यामिनीच्या आईने, झणझणीत तर्रीपोहे आणले. शिशिरने एक घास घेतला असेल-नसेल, यामिनी रायपूरच्या सगळ्या मराठी पोरांसारखी हिंदीतच म्हणाली, "सामने के दो ना?"

शिशिरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. त्याने दात काढले आणि सरळ तळहातावर तिच्यापुढे धरले. दिवाकरांना ठसका लागला. यामिनीने ते उचलून, सदर बाजारातला सराफ बांगडी पारखतो तसे उजेडात फिरवून पाहिले.

"बहुत खराब बनाया है," ती म्हणाली. "चबाते कैसे हो?"

"एक तरफ से," शिशिर म्हणाला आणि बोळक्या तोंडाने हसला. तीही हसली. नंतर दोघं गॅलरीत जाऊन उभी राहिली, ती परत येईपर्यंत पोह्यांची दुसरी खेप झाली. मी मनातल्या मनात हॉल बुक करून टाकला होता.

तेवढ्यात नरहरीराव खुर्चीत पुढे सरकले. "यंदा गोल किती झाले?"

"एक भी नहीं, काकाजी."

"अन् मागच्या साली?"

शिशिरने आठवून पाहिलं. "एक हुआ था. गलती से."

नरहरीरावांनी बशी खाली ठेवली. "आमच्या टायमाले ज्याले बॉल मारता येत नव्हता, त्याले आम्ही मागं उभा करत होतो. तू दहा वर्षांपासून मागंच उभा हायेस. खेळाडू हायेस का उभाच हायेस, हे मले कसं समजन? रविवारी सकाळी आमच्या मैदानावर ये. तुले पाहतो, मंग पोरीचं काय ते सांगतो."

"बाबा, शादी मुझे करनी है," यामिनी म्हणाली.

"करजो. मी काय नाही म्हणून राहिलो? रविवारपर्यंत दम धर."

निघताना यामिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आली. "आंटी, मुझे शिशिर पसंद है," तिने सांगून टाकलं. "पर बाबा की हाँ के बिना नहीं करूँगी. मैं अकेली हूँ उनकी." मला मुलगी आणखीच आवडली. तिकडून परत येणाऱ्या माझ्या पोराला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी आता एका म्हाताऱ्या सेंटर फॉरवर्डच्या मर्जीवर लटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुशीलाताईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक, बहुतेक स्वयंपाकघराचं दार लावून बोलत होत्या.

"रमाताई, तुमच्या पोराले एक गोष्ट सांगून ठेवा. रविवारचा गोल यांचाच असते. रिटायर झाले तवापासून तसंच चालू हाये. शेवटी शेवटी बॉल यांच्यापाशी येते, सारे पोट्टे बाजूले होते, गोलकीपर उलट्या अंगाले पडते. गोल झाला का सारे चहा प्याले जाते. कोणी ठरवलं नाही, पण कोणी मोडलं बी नाही. वडीलमाणूस हाये. तुमच्या शिशिरनं मधात पाय घातला तर संपलंच समजा."

मी म्हटलं, एवढंच ना, काळजी करू नका. फोन ठेवला आणि शिशिरकडे गेले. तो बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी बादलीत टाकून त्यात पाय सोडून बसला होता. हा त्याचा रायपुरातला स्वर्ग.

"रविवारी काकाजी बॉल घेऊन आले का बाजूले होजो," मी म्हटलं.

"आई, छोड़ना मुझे आता ही नहीं."

"शीक मग. इतकं शिकलास, हे नाही जमत?"

"पैर अपने आप जाता है."

"पायाले सांग, लग्न करायचं हाये."

त्याने बादलीतला बर्फ पायाने ढकलला. "तू कहती है तो ठीक है," शेवटी म्हणाला. पेपराआडून दिवाकर म्हणाले, "रमा, त्याला जे एकच काम येतं, तेवढंच सोडायला सांगून राहिलीस." मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा. पण ते मला लागलं, कारण खरं होतं.

रविवारी आम्ही सगळे रेल्वे कॉलनीच्या मैदानावर. मुरुमाची जमीन, कडेला कडुलिंब, त्याखाली चहाची टपरी. आम्ही दोघं, यामिनी आणि सुशीलाताई सावलीत बसलो. नरहरीराव अर्ध्या चड्डीत आले. गुडघ्याला पट्टा, डोक्याला रुमाल, पण चालण्यात ऐट अशी, की मला एकदम कळलं या बाईने काय पाहून यांच्याशी लग्न केलं असेल. शिशिरला त्यांनी मुद्दाम समोरच्या संघात घेतला होता.

माझ्या पोराची सुरुवातीला जी फजिती झाली ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. आपल्या मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू वापरायची असते. हा सवयीने दोन्ही वापरी, की शिट्टी. बर्फावरच्या खेळात माणूस अंगाने अडवलेला चालतो. याने रेल्वेच्या एका तरुण कारकुनाला खांदा दिला, तो टपरीपर्यंत गेला, परत शिट्टी. शिशिरने त्याला उचलला, त्याची पाठ झटकली, माफी मागितली. टपरीवाला म्हणाला, "भैया, कुस्ती हे का?" यामिनी पदर... नाही, ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मला तिचा पदर आधीच दिसायला लागला होता.

पण हळूहळू त्याला जमत गेलं. नजर सगळ्यांच्या छातीवर, तोंड समोर, आणि पाय मागे मागे. पोरं बॉल घेऊन यायची आणि त्यांना कळायचंच नाही की आपल्या काठीवरचा बॉल गेला कधी. नरहरीराव मधल्या रेषेवर उभे राहून हे सगळं बघत होते.

मग ती वेळ आली. मैदानात एकदम सगळे सैल झाले. कोणीतरी बॉल अलगद नरहरीरावांकडे सरकवला आणि ते निघाले. पहिला पोरगा बुटाची नाडी बांधायला वाकला. दुसरा त्यांच्या मागे मागे, पण हात लावेल तर शपथ. गोलात पियुष नावाचा पोरगा आधीच एका बाजूला झुकला होता. मध्ये राहिला फक्त शिशिर. मी सुशीलाताईंचा हात धरला. शिशिरने एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाला. त्याला सोडता येत नाही हे खरंच होतं, कारण इतका वाईट अभिनय मी आयुष्यात पाहिला नाही. दरवान दार उघडून उभा राहावा तसा उभा राहिला.

नरहरीरावांसमोर सगळा गोल मोकळा. पियुष तर जमिनीवर आडवासुद्धा झाला होता. आणि नरहरीरावांनी बॉल थांबवला. मारला नाही. काठी टेकून उभे राहिले आणि वळून शिशिरकडे पाहिलं.

"तू बी?" ते म्हणाले.

शिशिरची मान खाली गेली.

"काहून सोडलं?"

"आई ने कहा था," माझा खरं बोलणारा मुलगा म्हणाला. मला वाटलं, या कडुलिंबाने मला पोटात घ्यावं.

नरहरीराव बॉल घेऊन उलटे चालत मधल्या रेषेपर्यंत परत गेले. तिथून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलले. "रिटायर झालो तवापासून तुम्ही सारे मले सोडून राहिले. मले काय समजत नाही? हा नाडी बांधते. तो पियुष मी मारायच्या आंधी पडते. दर रविवारी गोल करतो अन् घरी जातो, अन् मले वाटते का आपण मेलो हावो, अन् हे पोट्टे आपल्याले फुलं वाहून राहिले."

सुशीलाताईंनी माझा हात सोडला. त्या हळूच म्हणाल्या, "मले वाटे यांले बरं वाटते." इतकी वर्षं त्या माणसाने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पोरं ओशाळली असती.

"आता इकडं पाय, शिशिर," नरहरीराव म्हणाले. "मी येऊन राहिलो. आता सोडलंस, तर पोरगी विसर."

ते आले. या वेळी वेगळेच आले. वय, गुडघा, पट्टा, सगळं मागे टाकून आले. डावीकडे झुकले, काठी उजवीकडे नेली, आणि शिशिर उलटा सरकत गेला, त्यांच्या छातीवर नजर ठेवून, अगदी तसाच, जसा मी त्याला परक्या मुलुखात बर्फावर पाहिला होता. टक् असा एक आवाज झाला. बॉल शिशिरच्या काठीवर होता. नरहरीरावांचा तोल गेला, तर याने दुसऱ्या हाताने त्यांना दंडाला धरून उभं ठेवलं.

कोणी टाळी वाजवेना. सगळे म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होते.

"परत," नरहरीराव म्हणाले.

परत आले, परत टक्. तिसऱ्यांदा त्यांनी काहीतरी अशी हूल दिली, की शिशिरचा पाय चुकला, पण त्याने पालथं पडून काठी लांबवली आणि बॉल काढलाच. मुरुमाने कोपर सोलून निघालं. पियुष आता खरोखर उभा होता, गुडघे वाकवून, डोळे बॉलवर. नाडीवाल्या पोरानेही नाडी बांधणं सोडलं आणि मागून धावत येऊन नरहरीरावांना घेरलं. त्यांनी त्याला चकवून दाखवलं. तो तोंडघशी पडता पडता वाचला, आणि नरहरीराव असे हसले की त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी माझ्या पोराला एका भल्या माणसाचा अपमान करायला पाठवलं होतं, आणि तो अपमान त्या माणसाने स्वतःच परत केला होता.

खेळ थांबला तो कोणाचाही गोल न होता. नरहरीराव मैदानातच बसले, पाय पसरून. श्वास लागला होता, सदरा घामाने भिजून चिंब झाला होता. यामिनी पाण्याची बाटली घेऊन पळाली, मनगट धरून त्यांचे ठोके बघितले. त्यांनी तिला हाताने बाजूला केलं आणि शिशिरला शेजारी बसायची खूण केली. आम्हीही जवळ गेलो.

"तू त्या बर्फावर असाच अडवते का लोकायले?"

"हाँ, काकाजी," शिशिर म्हणाला.

"अन् ते चिडत नाहीत?"

"चिढ़ते हैं. दाँत तोड़ देते हैं."

नरहरीरावांनी मान डोलावली, जणू एवढं ऐकून त्यांची खात्री पटली. "तिसऱ्या टायमाले तुले फसवलं होतं मी."

"पूरा फँसाया था. मेरा पैर निकल गया था."

"खरं सांगून राहिला, का आईनं सांगतलं?"

"खरं," शिशिर म्हणाला. एरवी आमच्याशी हिंदीत बोलणारा पोरगा हा एक शब्द मराठीत बोलला, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लाली चढली.

थोडा वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत बसले. "तिकडं तुही ड्युटी कवा सुरू होते?"

"जुलाई के आखिर में."

"म्हणजे लय रविवार नाही राहिले." मग माझ्याकडे वळले. "रमाताई, मुहूर्त पाहाल तर शुक्रवारचा पाहा, नाही तर सोमवारचा. रविवार मोकळा ठेवा."

यामिनीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी मान हलवली. दिवाकर मात्र हात जोडून पुढे झाले, व्याह्याला उठवायला त्यांनी हात दिला. नरहरीरावांनी तो घेतला नाही. काठी टेकून स्वतःच उठले, पाठीचा मुरुम झटकला, आणि मला म्हणाले, "अन् एक गोष्ट बजावून ठेवा याले. जावई झाला म्हणून पुढच्या रविवारी सोडाले लागला, तर मले चालणार नाही."

"नाही सोडणार," मी म्हटलं. "त्याले येतच नाही ते."